कॅन्सर बाबांना, आणि बाबा सोडून सगळ्यांना माहीत

मुक्काम_पोस्ट_सातारा
जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ७६, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर्ड. खोकला जाईना म्हणून सीटी केला, मग बायोप्सी, फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. डॉक्टरांनी दादाला केबिनमध्ये घेऊन सांगितलं आणि दादाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की बाबांना कळू द्यायचं नाही, हाय खातील. आई, आत्या, सगळे त्याच्याच बाजूने. बाबांना सांगितलंय की फुफ्फुसात पाणी झालंय, त्याची औषधं चालूयत. फाईल माझ्या कपाटात साड्यांखाली. पण माणूस आयुष्यभर इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा हो, त्याला काय कळत नसेल? परवा मला म्हणाले, "पाण्याच्या सलाईनला एवढा मोठा फॉर्म का सही करून घेतात गं?" मी विषय बदलला. आणि आता नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं विचारत होते, तेव्हा तर मला तिथे बसवेना. दादा म्हणतो तू भावनेच्या भरात काहीतरी बोलून बसशील. आपल्या माणसाशी रोज खोटं बोलायचं हे बरोबर कसं, आणि सांगितलं आणि खरंच खचले तर ते कुणाच्या डोक्यावर?

कडू_कारलं
मी तुमच्या दादाच्या बाजूने. आमच्या आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, ती नातवाच्या मुंजीची यादी करत करत गेली. तिला सांगून काय मिळणार होतं? हे खरं सांगायचंच वगैरे बाहेरच्या देशातलं फॅड आहे, तिकडे माणूस एकटा सही करतो, आपल्याकडे आजार अख्ख्या घराचा असतो. राग मानू नका, पण कधीकधी सांगणाऱ्याला स्वतःचं ओझं उतरवायचं असतं.

रात्रपाळी
वॉर्डात सिस्टर आहे, पॅलिएटिव्हमध्येही (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) काम केलंय. हे आम्ही रोज बघतो. नातेवाईक दाराबाहेर गाठून सांगतात "त्यांना सांगू नका", आणि आत गेलं की पेशंट म्हणतो "घरच्यांना कळू देऊ नका, त्यांना झेपणार नाही". दोन्हीकडून नाटक, मधे मात्र कुणीच मोकळं बोलत नाही.
तुम्ही सांगायचं का नाही यावर भांडताय, पण बाबांना किती ऐकायचंय हे कुणी विचारलंय का? तयारीचे डॉक्टर आधी तेच विचारतात, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतंय, सगळं तुम्हाला सांगू का मुलांशी बोलू. काही जण स्वच्छ सांगतात, मुलगा बघेल, मला नको. मग नाही सांगायचं, तोही त्यांचाच निर्णय झाला. पण जो स्वतःहून फॉर्मबद्दल विचारतोय तो दार वाजवतोय असं मला तरी वाटतं. आणि खोटं नीट टिकतही नाही. डे केअरमध्ये शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारतो "तुमची कितवी किमो?", झालं.
कारलं, तुमच्या आईंनी विचारलं नसेल तर तुमचं बरोबरच असेल. इथे बाबा विचारतायत.

अर्धवट_वकील
कायद्याची बाजू थोडक्यात. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती त्याचीच लागते, सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली केसमध्ये हे सांगितलंय, तिथे पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत असताना आईने दिलेली संमती धरली नव्हती. संमती म्हणजे आजार, उपचार, धोके, पर्याय हे समजून दिलेली. त्या मोठ्या फॉर्मवर "फुफ्फुसात पाणी" समजून सही झाली असेल तर ती कसली संमती.
दुसरं, लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने मान्यता मिळाली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उद्या व्हेंटिलेटर लावायचा का नाही हे बाबा आज लिहून ठेवू शकतात. पण काय होतंय हेच माहीत नसलेला माणूस काय लिहिणार? मग आयसीयूच्या बाहेर तुम्ही आणि दादा एकमेकांची तोंडं बघणार, आणि बिल चालूच. हे मी लय घरांत बघितलंय.

कडू_कारलं
व्हेंटिलेटरचा मुद्दा मान्य. तरी ७६ व्या वर्षी माणसासमोर कागद ठेवून "इथे सही करा, म्हणजे नळ्या लावणार नाही" हे म्हणायला छाती पाहिजे, वकीलसाहेब. माझी नाही.

अर्धवट_वकील
म्हणून तर आधी कागद नाही, आधी गप्पा. सिस्टरांनी सांगितलंय तसं.

मुक्काम_पोस्ट_सातारा
सगळ्यांना थँक्यू. ओझं उतरवण्याचं कारलं म्हणाले ते लागलं, कारण थोडं खरं आहे. दादाला रात्रपाळीताईंचा प्रतिसाद वाचायला दिला, तो अजून नाहीच म्हणतोय, पण एवढं कबूल झालाय की पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी बाबांनाच विचारावं आणि आपण बाहेर थांबायचं. आत्याला यातलं काही सांगितलेलं नाही, म्हणजे आता तिच्यापासूनही लपवालपवी सुरू. लिव्हिंग विलचा मराठीतला मसुदा कुणाकडे आहे का? बाबा इंग्रजी कागदावर सही करत नाहीत, आधी पूर्ण वाचतात.