अनुभव धागा : फोटो नेमका किती शार्प करायचा?

कासचा हंगाम आणि लग्नसराई, दोन्ही वेळेला सातारा-सांगलीकडच्या फोटोवाल्यांत एकच वाद रंगतो : शार्पनिंगचा, म्हणजे फोटोतल्या कडा ठळक करण्याचा, स्लायडर थांबवायचा कुठं? ज्यांचा हात बसलाय त्यांनी आकड्यांसकट लिहा. कॅमेरा केवढ्याचा ते नको. फोटो कशाचा, बघितला कुठं जाणार, किती लावलं आणि बिघडलं तर काय दिसलं, एवढं पुरे.

पठारावरचा, सातारा
रॉ फाईल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली) लाईटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडली की अमाउंट (जोर) 40, रेडियस (कडेची रुंदी, पिक्सेलमध्ये) 1.0, डिटेल (बारीक पोत किती उठवायचा) 25 आणि मास्किंग (सपाट भाग किती वगळायचा) 0 आधीच लागलेलं असतं. रॉ मुळात थोडी मऊच असते, त्यामुळे पहिले तीन आकडे सुरुवातीला ठीक. घोळ शेवटच्या शून्यात आहे. शून्य म्हणजे सरसकट सगळ्यावर. सीतेची आसवं ही कासची फुलं जवळून घेतली की मागं नुसता निळा-हिरवा धूसर रंग असतो. त्यात शार्प करण्यासारखं काहीच नाही, मग नॉईजच (फोटोतले दाणे) टोकदार होतो आणि पार्श्वभूमी रवाळ दिसते. ऑल्ट दाबून मास्किंग ओढा. पांढरं दिसेल तिथं शार्पनिंग लागतं, काळं दिसेल ते वाचतं. पाकळीच्या कडा, शिरा आणि देठाची लव एवढंच पांढरं उरेपर्यंत न्यायचं, बहुतेक 60 ते 80. मग रेडियस 0.7-0.8, अमाउंट 50-60. हे सगळं 100 टक्के झूमवर. आख्खा फोटो स्क्रीनवर मावलेला असताना स्लायडर हलवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

गडकोट
वरचं फुलांना पटतं, गडाला नाही. सज्जनगडाचा काळा कडा आणि मागं पावसाळी करडं आभाळ. 100 टक्क्यांवर बघा, कड्याच्या माथ्यावरून दोन पिक्सेल जाडीची पांढरी रेघ गेलेली असते. कारण सरळ आहे : शार्पनिंग नवीन तपशील आणत नाही, कडेची काळी बाजू आणखी काळी आणि उजळ बाजू आणखी उजळ करतं. रेडियस जास्त तेवढी रेघ रुंद. मास्किंगनं ती जात नाही, कारण तीच तर कडा आहे! रेडियस 0.6 वर आणा. तरी राहिलीच तर ब्रशनं कडेवरून शार्पनेस उणे 30 फिरवा. उणे 50 च्या पलीकडं गेलात की तो भाग चक्क धूसर व्हायला लागतो. फोटोशॉपमध्ये माझी आवडती युक्ती : शार्प केलेल्या लेयरच्या (थराच्या) दोन प्रती, एक डार्कन मोडवर (फक्त काळी बाजू लागते) 70 टक्के, दुसरी लाईटनवर (फक्त उजळ बाजू लागते) 30 टक्के. डोळ्याला खुपते ती पांढरी किनार, काळी फारशी कळत नाही.

ठोसेघरचं पाणी सावकाश शटरनं घेतलं असेल तर पाण्यावर शून्य. फक्त खडकावर.

अल्बमवाला, सांगली
छपाईचं गणित वेगळं. 12×36 इंचांचं शीट 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) म्हणजे 3600×10800 पिक्सेल. कागदावर एक पिक्सेल साधारण 0.085 मिलिमीटर, हातभर अंतरावरून डोळ्याला जेमतेम कळेल इतका. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर तोच पिक्सेल 0.28 मिलिमीटरचा. म्हणून स्क्रीनवर छान वाटलेलं कागदावर मऊ येतं. प्रिंटसाठी 50 टक्के झूमवर बघून ठरवा. मॅट कागद शाई पसरवतो, त्याला ग्लॉसीपेक्षा थोडं जास्त लागतं. लॅबवाले स्वतःही शार्पनिंग लावतात का, ते आधी विचारा. दोनदा लागलं की नवरीच्या चेहऱ्यावरची पावडर दाणेदार दिसते.

पैठणीच्या जरीवर रंगीत ठिपके येतात त्याचा उपाय : शार्प केलेल्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करा. मग फक्त उजळपणा बदलतो, रंग हलत नाहीत.

मोबाईलवाला, कराड
फोनच्या जेपेगला (फोननं तयार करून दिलेल्या फाईलला) वरून काही लावू नका. फोननं आधीच सढळ हातानं लावलेलं असतं. वडाच्या पानांवर झूम करा, पानं रंगवल्यासारखी दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो फोटो लहान करून दाबतो आणि शार्प कडांभोवती चौकडी उठते.

पठारावरचा, सातारा
@अल्बमवाला, हॉलमधले आयएसओ 6400 चे (कमी उजेडातले, दाणेदार) फोटो कसे करता?

अल्बमवाला, सांगली
आधी नॉईज काढायचा, मग शार्प. उलट केलंत तर दाणे कडक होऊन बसतात, निघत नाहीत. डिटेल 10 वर, मास्किंग 70 च्या वर, अमाउंट 35. डोळे आणि दागिने ब्रशनं वेगळे. आणि दादा, हललेला फोटो शार्प करत बसायचं नाही, त्याला दुहेरी कड येते. सरळ दुसरी फ्रेम निवडा.

फ्लेक्स डिझायनर, मिरज
वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो. तिथं बारीक रेडियस दिसतच नाही, मी 3 ते 4 पिक्सेल लावतो. पण भाऊंचा फोटो डीपीवरून उचललेला असेल तर तो फुटणारच, स्लायडरला दोष देऊ नका.

वाईकर
जिम्प हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. त्यातल्या अनशार्प मास्कचा (शार्पनिंगच्या फिल्टरचा) रेडियस सुरुवातीला 3 असतो, वेबसाठी तो फार रुंद. 6000 पिक्सेलचा फोटो आधी 1600 ला आणा, कारण लहान करताना कडा पुन्हा मऊ पडतात. मग रेडियस 0.6, अमाउंट 0.5 (जिम्पची मोजपट्टी वेगळी). आभाळ रवाळ दिसलं तर थ्रेशोल्ड (किती फरकापासून कड मानायची) थोडा वाढवा. मूळ फाईल शार्प करून सेव्ह करू नका. उद्या त्याच फोटोची 12×18 प्रिंट मागितली तर कोरी फाईल हाताशी हवी.