'जेंडर नॉर्म्स'ला काय म्हणावे: निकष, रूढी की शिरस्ता?

मृण्मयी
स्थानिक पातळीवरील शाश्वत वाहतूक नियोजनाविषयीचा एक अहवाल मराठीत आणताना 'जेंडर नॉर्म्स' (स्त्रीने काय करावे, पुरुषाने काय करावे याविषयी समाजाने धरलेली गृहीतके) या जोडशब्दापाशी अडचण आली आहे. 'जेंडर'साठी 'लिंगभाव' आता रुळला आहे, प्रश्न 'नॉर्म'चा आहे. आधीच्या मसुद्यात 'लिंगभाव निकष' असे होते, आणि तो वाचणाऱ्या एका अभियंत्यांनी त्याचा अर्थ बसमधील राखीव आसनांसाठीची पात्रता असा घेतला. मूळ मजकुराचा रोख अगदी निराळा आहे. सकाळी घरातून निघून थेट कामावर जाणारा आणि संध्याकाळी थेट घरी परतणारा माणूस म्हणजेच प्रवासी, असे कोणीही न लिहिता सगळ्यांनी धरून चालायचे, या गोष्टीला आपण काय म्हणू?

अक्षरवेध
निकष म्हणजे मुळात सोने घासून पाहण्याचा कसोटीचा दगड. तो हातात घेऊन कोणीतरी जाणीवपूर्वक पारख करते. तुम्ही सांगता ते गृहीतक कोणाच्या हातातच नसते, त्यामुळे 'निकष' इथे बसणार नाही. 'लिंगभावाच्या रूढी' असे सरळ लिहावे.

जुना वाचक
'रूढी' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर घरातल्या आणि समाजातल्या चालीरीती येतात, आणि नियोजन विभागातील अधिकारी मनात म्हणतो की हे आपल्याविषयी नाही. कचेरीत वर्षानुवर्षे तसेच चालत आले म्हणून पुढेही तसेच चालते, यासाठी मराठीत 'शिरस्ता' हा नेमका शब्द आहे. गर्दीच्या वेळेची मोजणी करायची, ती मुख्य रस्त्यावर करायची आणि वाहनांची करायची, हा शिरस्ताच आहे. त्यात स्त्री किंवा पुरुष असा शब्द कुठेही येत नाही, आणि म्हणूनच तो कोणाला खटकत नाही.

तत्सम
शिरस्ता फारसी आहे. पारिभाषिक संज्ञा घडवताना संस्कृत धातूंचा आधार घेतला की पुढे विशेषणे आणि भाववाचक नामे सहज साधता येतात. 'लिंगभाव-प्रमाणक' घ्यावा, त्यावरून 'प्रमाणकीय' होईल. शिरस्त्यावरून आपण काय साधणार?

जुना वाचक
ज्या विषयात 'रस्ता' हाच शब्द फारसीतून आलेला आहे, तिथे शिरस्त्याला दारात अडवणे मला पटत नाही. शिवाय 'प्रमाणक' वाचून पुन्हा तोच अभियंता पदपथाची किमान रुंदी शोधू लागेल.

पाहणीदार
मी घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या प्रवास-पाहणीचे काम केले आहे, म्हणून शब्दाआधी वस्तू दाखवतो. प्रपत्रात 'प्रवासाचा मुख्य हेतू' असा एकच रकाना होता. एका बाईंनी सांगितले की मुलाला शाळेत सोडते, तिथून सासूबाईंची औषधे घेते, मग कामावर जाते, आणि येताना बाजारहाट करून मुलाला घेऊन घरी येते. रकान्यात 'काम' एवढेच उतरले. शेजारच्या बाई नोकरी करत नव्हत्या. त्यांच्या जवळपास तशाच फेऱ्या 'इतर'मध्ये गेल्या. स्पेनच्या नगररचनाकार इनेस सांचेस दे मादारियागा यांनी 'मोबिलिटी ऑफ केअर' ही कल्पना मांडली ती याचसाठी. माणसांना सांभाळण्यासाठी केलेला प्रवास खरेदी, सोबत, वैयक्तिक अशा रकान्यांत विखुरला की तो मोठा असूनही दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी कोणी बसफेरी आखत नाही.

मृण्मयी
ही संज्ञाही अहवालात आहे. 'काळजीचा प्रवास' म्हटले तर चिंताजनक प्रवास असे वाटते, 'संगोपन' म्हटले तर वृद्ध आणि आजारी माणसे सुटतात.

अक्षरवेध
मराठीत काळजी 'करतात' तशी 'वाहतात'सुद्धा. ओझे वाहणे, काळजी वाहणे आणि वाहतूक, तिन्हींत धातू एकच आहे. 'काळजीवाहू प्रवास' याहून नैसर्गिक शब्द मला सुचत नाही. 'काळजीवाहू सरकार'मुळे त्याला तात्पुरतेपणाचा वास लागला आहे हे मान्य, पण वापर वाढला की तो जाईल.

वाटसरू
'वाहतूक'ऐवजी 'दळणवळण' का घेऊ नये? माझी आजी सांगत असे की दळण घेऊन जायचे आणि वळण घेऊन परतायचे, म्हणून दळणवळण. म्हणजे बायकांच्या फेऱ्या या शब्दात आधीपासूनच आहेत.

तत्सम
आजीची आठवण गोड आहे, परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. जुन्या लेखनातला दाखला मिळाल्याशिवाय ती अहवालाच्या तळटीपेतही घालू नये.

वाटसरू
लोकांनी शब्दाला मनात दिलेला अर्थ हाही भाषेचाच भाग आहे, आणि त्याला दरवेळी कागदाचा पुरावा मागता येत नाही.

पाहणीदार
दळणवळण बाजूला ठेवून मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. याच संदर्भात 'स्त्रीसुलभ वाहतूक', म्हणजे स्त्रियांना सोयीची वाहतूक, हा शब्द सर्रास येतो आणि तो मला धोक्याचा वाटतो. मुलांना सोडणे हा स्त्रियांचाच प्रवास, असे योजनेच्या नावातच लिहिले तर जी रूढी तपासायची तिलाच आपण शिक्का मारून देतो. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या गावात बर्फ काढण्याचा क्रम तपासला, तेव्हा मोटारींचे मोठे रस्ते आधी आणि पायवाटा, सायकलवाटा नंतर, असा शिरस्ता आढळला. क्रम बदलून बालवाड्यांजवळच्या वाटा आधी साफ होऊ लागल्या. त्या वाटेने मुलाला घेऊन बाप गेला तरी ती तितकीच साफ असते. स्वीडनच्या संसदेने 2001 मध्ये स्त्रीपुरुष समानता हे वाहतूक धोरणाचे एक उद्दिष्ट ठरवले होते. समितीवर किती स्त्रिया आहेत हे मोजणे हा त्याचा सोपा भाग, आणि बर्फ आधी कुठला काढायचा हे विचारणे हा अवघड भाग.

अक्षरवेध
'स्त्रीसुलभ' काढला तर आज हा भार प्रत्यक्षात कोण वाहते तेही पुसले जाईल. अनेक शहरांच्या पाहण्यांत पायी आणि बसने जाणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक दिसते. त्यांचे नाव घेतले नाही तर अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा उड्डाणपूलच पुढे येतो.

पाहणीदार
नाव आकडेवारीत जरूर घ्यावे, स्त्री आणि पुरुष यांच्या फेऱ्या वेगळ्या मोजाव्यात. योजनेच्या नावात ते नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

तत्सम
'काळजीवाहू' आणि 'प्रवास' यांचा समास विशेषण म्हणून सुटा लिहावा की जोडून, हे आधी ठरवावे. 'वाहू'चे सामान्यरूप होताना अडचण येणार आहे.

मृण्मयी
मी सध्या 'काळजीवाहू प्रवास' सुटा लिहिते. 'नॉर्म'ची जागा मसुद्यात अजून रिकामी आहे, आणि 'शिरस्ता' व 'रूढी' यांपैकी एकच शब्द दोन्ही ठिकाणी, घरात आणि कचेरीत, चालेल का, हे कृपया कोणीतरी सांगावे.