जुन्या गाड्यांच्या मंडळींत नव्या माणसाने प्रश्न कसा विचारावा?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. आजोबांची 1974 ची फियाट माझ्याकडे आली आहे. 2009 पासून ती मिरजेच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीत मिस्त्रींनी टाकी धुतली, ब्रेकचं काम केलं आणि गाडी चालू केली. अडचण अशी की थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं छान पळते आणि मग एकदम बंद. गेल्या रविवारी अंकलीच्या पुलाअलीकडे थांबली. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू झाली.

हे मी जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. फोटो टाकला, वर "आमची व्हिंटेज फियाट" असं लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "ही व्हिंटेज नाही." दुसरं, "आधी जुने मेसेज वाचा." तिसऱ्याने आजोबांनी डॅशबोर्डवर बसवलेल्या पंख्याला नावं ठेवली. तिघांनी खासगीत किंमत विचारली. गाडीला काय झालंय, त्यावर कोणी बोललं नाही. शेवटी मी प्रश्न काढून टाकला.

माझं काही चुकलं असेल तर मला खरंच शिकायचं आहे. तुमच्यात प्रश्न कसा विचारतात?

लँडमास्टर_पुणे

ताई, आमचीही बाजू सांगतो. मी बारा वर्षं उत्तरं देतोय. बहुतेक प्रश्न एका ओळीचे असतात: "गाडी सुरू होत नाही, काय करू?" मॉडेल नाही, साल नाही. आपण चार गोष्टी विचारायच्या, तर माणूस गायब. दुरुस्ती झाली का, कशाने झाली, काही कळत नाही. त्यातून काही जण चिडके होतात. मीही झालो होतो.

पण तुमच्या प्रश्नात साल होतं, लक्षण होतं, किती वेळाने बंद पडते तेही होतं. यापेक्षा नीट विचारता येत नाही.

आणि त्या "व्हिंटेज नाही"बद्दल. शौकीन लोक हा शब्द साधारण 1919 ते 1930 च्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. पण केंद्राच्या 2021 च्या नियमात पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज धरतात. म्हणजे तुमचा शब्द चुकीचा नव्हता. फक्त घाईने 'व्हीए' मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठीचा वेगळा नंबर घेऊ नका. त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवायची. तुम्हाला गाडी चालवायची आहे असं दिसतंय.

टॅक्सीचा_मिस्त्री

मी मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी, म्हणजे हीच फियाट नंतरच्या नावाने, दुरुस्त करत आलो. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली तोपर्यंत. त्यामुळे तुमची गाडी न बघताही थोडी ओळखीची आहे.

आधी गाडीचं बोलू. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, याला दोन मोठी कारणं. एक, पेट्रोलची वाफ. या गाडीचा पंप इंजिनाला लागूनच असतो. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. उन्हाळ्यात आमचे ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. दुसरं, ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे कॉइल किंवा तिच्या जोडीचा छोटा कंडेन्सर, तापल्यावर दगा देणं. दोन्हींत फरक कसा करायचा? गाडी बंद पडली की लगेच, ती गार व्हायच्या आत, एक प्लग काढून वायरला लावा, पत्र्याला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर उघड्या हाताने धरू नका. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका. ठिणगी निळी, कडक आली तर पेट्रोलच्या बाजूने शोधा. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा डबा, उघडा. आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे) काळे पडलेले, खड्डे पडलेले दिसले तर आधी कंडेन्सर बदला. पेट्रोलचे रबरी पाइपही नवे टाका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मी 1981 साली गॅरेजमध्ये लागलो, तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात उस्तादाला विचारलं, पॉइंट उघडतो म्हणजे काय होतं? त्यांनी पाना फेकून मारला. त्यानंतर मी कोणालाच काही विचारलं नाही. दीड वर्षाने एका शेठच्या गाडीची इग्निशनची चावी चालू ठेवून जेवायला गेलो. पॉइंट बंद होते, कॉइलमधून करंट वाहत राहिला आणि कॉइल जळली. माझ्या पगारातून पैसे कापले. त्या दिवशी शेजारच्या गॅरेजमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने फरशीवर खडूने कॉइल काढली, पॉइंट काढला, आणि करंट कुठून कुठे जातो ते दाखवलं. दहा मिनिटं लागली असतील. आजही डिस्ट्रिब्युटर उघडला की ते खडूचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

म्हणून नवा माणूस दिसला की मी आधी एवढंच विचारतो: गरम असताना की थंड असताना? यावर त्याला गाडीकडे जाऊन बघावं लागतं, आणि बघताना तो शिकतो. पंखा कसा आहे, रंग कंपनीचा आहे का, हे त्याने विचारलेलं नसतं. तो पंखा आजोबांनी बसवलाय, काढू नका. किंमतही विचारू नये. ज्याला विकायची असते तो स्वतः सांगतो. घरातलं माणूस गेल्यावर गाडी हातात आलेली असेल तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र लिहून सांगायची नसते, ती म्हणजे ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, पंधरा वर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजतात. ते समोर बसूनच बघावं लागतं. आणि हँडल मारायला, म्हणजे पुढून दांडा घालून इंजिन हाताने फिरवायला, सांगताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीने आवळायचं नाही, हे आधी सांगावं. माझ्यासमोर एका पोराचं मनगट मोडलं, कारण त्याला फक्त "हँडल मार" एवढंच सांगितलं होतं.

डुक्कर_1954

माझी फियाट जुनी, पुढची दारं उलटी उघडणारी. या मॉडेलचं टोपणनाव डुक्कर. मी नवा होतो तेव्हा तिला डुक्कर म्हटलं म्हणून मला एकाने झापलं होतं. आता मी नावच तेच घेतलंय. ताई, एकच भर घालतो. कोणी सुटा भाग पाठवला तर कुरियरचे पैसे मागायच्या आधी द्या, आणि भाग बसला की नाही ते कळवा. त्यांच्या कपाटातला तो कदाचित शेवटचा असतो.

मिरजकरीण

मिस्त्रीकाका, शनिवारी मुद्दाम गाडी तापवली. घरापासून दोन किलोमीटरवर बंद पडली. भावाने सेल्फ मारला, मी रबरी हातमोजे घालून प्लग टेकवला. ठिणगी पिवळी, तीही मधूनच. पॉइंट काळे ठिक्कर. सांगलीत कंडेन्सर आणि पॉइंटचा संच मिळाला, मिस्त्रींनी माझ्यासमोर बसवला. रविवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. जाता-येता कुठेच थांबली नाही. पंखाही चालू होता.

मी तो काढून टाकलेला प्रश्न त्या ग्रुपवर पुन्हा टाकला आहे, खाली उत्तरासकट.

टॅक्सीचा_मिस्त्री

छान. हजार किलोमीटरनंतर पॉइंट पुन्हा उघडून बघा. रबरी पाइप बदलले का, ते लिहिलं नाहीत.