खपली कुणाची? पोलंडच्या खेड्यांतली बिननावाची थडगी

खवचट काकू
परवा इथे एका सद्‌गृहस्थांनी लिहिलं की दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये लपलेल्या ज्यूंना जिथे मारून पुरलं, त्या जागा शोधून ऐंशी वर्षांनी खुणा लावणं म्हणजे भरलेल्या जखमेची खपली काढणं. ज्या गावांनी जिवावर उदार होऊन ज्यू लपवले, त्यांचीच म्हणे यात बदनामी. खाली 'अगदी मनातलं बोललात'वाल्यांची रांग. गप्प बसणार होते, पण राहवेना.

तिकडच्या मार्कोवा गावाचं उदाहरण त्यांनीच दिलंय, तेच घेऊ. २४ मार्च १९४४ च्या पहाटे जर्मन पोलीस उल्मा कुटुंबाच्या घरी आले. आधी आश्रयाला असलेल्या आठ ज्यूंना मारलं, मग युझेफला आणि गरोदर विक्टोरियाला, शेवटी सहा पोरांना. २०१६ पासून गावात संग्रहालय आहे, २०२३ मध्ये चर्चने सगळ्या कुटुंबाला 'धन्य' घोषित केलं. हात जोडावेत असंच घर, वाद नाही. पण त्याच मार्कोवात डिसेंबर १९४२ मध्ये गावातल्याच माणसांनी शिवार धुंडाळून लपलेले ज्यू धरले आणि डांबून ठेवले. जर्मनांनी येऊन त्यांना गोळ्या घातल्या. पुरलं कुठे, तर मेलेली गुरं पुरायच्या जागेत. सद्‌गृहस्थांच्या लेखात यावर एक ओळ नाही. उल्मांच्या नावाने सगळ्या गावाने पुण्य वाटून घ्यायचं, आणि हे मात्र कुणाच्याच खात्यावर नाही?

बारा मावळ
काकू, अर्धंच सांगताय. धरायचा हुकूम कुणाचा होता? जर्मनांचं १५ ऑक्टोबर १९४१ चं फर्मान वाचा: घेटोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर, सापडलेल्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्याला, दोघांनाही देहदंड. घरात चार पोरं असताना तुम्ही दार उघडलं असतंत? इस्राएलच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेने ज्यूंना वाचवल्याबद्दल गौरवलेल्यांत सगळ्यात जास्त माणसं पोलंडचीच, सात हजारांच्या वर. पंख्याखाली बसून लोकांच्या पूर्वजांना सुळावर चढवणं सोपं असतं.

खवचट काकू
कुणाला सुळावर चढवलं मी? १९४५ ला तर बंदूक गेली. त्यानंतर त्या जागेवर साधा दगड ठेवायला कोण आडवं आलं होतं?

विस्तुलाकाठी
क्राकोवला नोकरी करतो, म्हणून थोडं. एका सहकाऱ्याच्या आजोळी गेलो होतो. सगळे जंगलात अळंबी काढायला निघालो. एका खोलगट जागेशी म्हातारी थांबली आणि म्हणाली, इथली नाही घ्यायची. का, ते तेव्हा नाही सांगितलं. रात्री जेवताना सांगितलं, तेही नातू बाहेर गेल्यावर. दोन बायका आणि एक मुलगा. नावं तिला ठाऊक नव्हती, पण मुलाच्या पायात बूट नव्हते हे ठाऊक होतं. म्हणजे माहिती गावाला असते, विचारणारा लागतो. वॉर्सातली झापोम्न्याने ही संस्था हेच करते. म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, जुने हवाई फोटो लावून बघायचे, जमिनीवर रडार फिरवायचं आणि जागा ठरली की साधी लाकडी पाटी रोवायची. खणायचं नाही.

हाडवैद्य
खणायचं नाही, इथेच घोडं पेंड खातं. रडारला मातीची उलथापालथ दिसते, माणूस दिसत नाही. उकरा, डीएनए काढा, नावं लावा. येद्वाब्ने गावात १९४१ मध्ये पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना मारलं, तिथे २००१ मध्ये धर्माचं कारण देऊन उत्खनन अर्धवट थांबवलं आणि आजतागायत मेलेल्यांच्या आकड्यावरून मारामाऱ्या चालू आहेत.

तेल्याची नात
हाडवैद्यसाहेब, आमच्यात, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंत, पुरलेल्याला सहसा हलवत नाहीत. कबरीलाच धोका असेल किंवा इस्राएलला न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि खूण लावणं हे काही पोलंडमधलं नवं खूळ नाही. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषाने कबरीजवळ जायचं नसतं, म्हणून जागा दाखवून ठेवायची रीत जुनीच आहे. अलिबागजवळ नवगावला या कधी. गलबत फुटून गेलेल्यांना पुरलं म्हणतात ते उंचवटे तिथे आहेत. एकाचंही नाव माहीत नाही. आमचं कुणी तिथे फावडं घेऊन गेलं नाही. आजी पदर सारखा करायची, एक खडा ठेवायची आणि निघायची.

हाडवैद्य
ताई, नवगावला समुद्राने मारलं. समुद्रावर खटला नाही भरता येत. हे खून आहेत, आणि खुनात हाडं म्हणजे पुरावा. आमचे चुलत आजोबा पानशेतच्या पुरात गेले, देह मिळालाच नाही. चुलत आजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही, दाराची कडीही लावू द्यायची नाही. 'जागा दाखवली, पुरे' असं तिला सांगून बघा.

तेल्याची नात
आजींचं वाचून वाईट वाटलं. पण खटल्याचं म्हणाल तर मार्कोवाच्या त्या आठ जणांना १९४७ मध्ये उकरून दुसऱ्या दफनभूमीत नेलं होतं. हाडं हाताशी होती. तरी त्या पोलिसांचा म्होरक्या डिकेन पश्चिम जर्मनीत पुन्हा पोलिसातच नोकरीला लागला. त्यांच्यातला एक कोकोट तेवढा अडकला, तोही डोळ्यांनी बघणाऱ्याच्या साक्षीवर.

हाडवैद्य
म्हणजे पुरावा गोळाच करू नये? धन्य आहे. धर्म आला की विज्ञानाने तोंड बंद करायचं, सगळीकडे तेच.

तेल्याची नात
तोंड बंद करा कुठे म्हटलं? फावडं खाली ठेवा म्हटलं.

रंकाळा
कोल्हापूरकर म्हणून सांगतो, पोलिश लोकांबद्दल वाकडं बोलवत नाही. स्टालिनने हाकललेले पाचेक हजार पोलिश १९४३ ते ४८ इथे जवळच वळिवड्याच्या छावणीत राहिले. आमच्या आजीला त्यांच्या बायकांनी विणकाम शिकवलं. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. आणि आपल्याच पोरांना वळिवडं म्हणजे काय ते माहीत नाही! त्यावर धागा काढा की कुणीतरी.

खवचट काकू
काढा ना तुम्हीच. आणि त्या कोल्हापूरच्या थडग्यांवर नावं आहेत ना? परक्या मुलखात मेलेल्या पोलिश माणसाला नाव मिळालं, आणि पोलंडातच जन्मलेल्या ज्यूला गावच्या जंगलात पाटीसुद्धा जड?

रंकाळा
काकू, तुमच्याशी कोण बोलणार. पण हे बरोबर आहे.

बारा मावळ
बरं, लावा पाट्या. लाकडीच आहेत, कुजतील. फक्त मारणारे जर्मन होते हे ठळक लिहा.

खवचट काकू
लिहू की. खाली धरून कुणी दिलं तेही लिहू. चालेल?

बारा मावळ
आधी एकेक नाव सिद्ध करा. नाहीतर गावाच्या गाव गुन्हेगार ठरवणार तुम्ही.

खवचट काकू
सिद्ध करणाऱ्यांची तोंडं बंद करायलाच २०१८ मध्ये नात्सी गुन्ह्यांचा ठपका पोलिश राष्ट्रावर ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आणला होता ना तिकडे?

बारा मावळ
ती शिक्षा त्याच वर्षी जूनमध्ये काढून टाकली. पुरतं वाचत जा.