विषय: रेडिंगला आल्यापासून तूरडाळ शिजत नाही

प्रेषक: नवी सभासद, रेडिंग

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही मँचेस्टरहून इकडे राहायला आलो. डाळ तीच, कुकर तोच, पण चार शिट्ट्यांत मऊ होणारी डाळ आता आठ शिट्ट्यांनंतरही घोटली जात नाही. चहावर तपकिरी तवंग येतो. केटल महिन्याभरात आतून पांढरी झाली. खरी काळजी धाकट्याची आहे. त्याला एक्झिमा आहे आणि कातडी फारच कोरडी पडलीय. एक विक्रेता घरी येऊन गेला. अख्ख्या घराला सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवा, एक्झिमा जाईल, असं ठामपणे म्हणाला. खर्च मोठा आहे. कुणाला अनुभव आहे का?

---

प्रेषक: काकू, स्लाऊ

अगं, डाळीत काही खोट नाही. पाणी जड आहे. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यांचं पाणी येतं, थर्लमीअरचं तर १८९४ पासून. ते मऊ असतं. आपल्याकडचं पाणी बहुतेक चॉकच्या थरांतून झिरपून येतं, तिथला चुना विरघळवत. शाळेत शिकलेलं दुष्फेन पाणी ते हेच.

माझं माहेर सोलापूरकडचं. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला आणि नळाचं डाळीला, ही वाटणी आईने कधी मोडली नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या द्रव्याला) घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. इथे मी असं करते: रात्री मोठं पातेलं भरून पाणी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळते आणि झाकून ठेवते. सकाळपर्यंत चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं, त्यातच डाळ भिजवायची आणि शिजवायची. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घाल, आंबटानेही दाणा अडून बसतो. छोले-राजम्याला चिमूटभर सोडा चालतो, पण चिमूटभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं.

केटलला लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात दोन चमचे, अर्धा तास, मग दोनदा विसळ. व्हिनेगरही चालतं, पण ते किंवा लिंबूसत्त्व ब्लीचबरोबर कधीही वापरू नकोस, विषारी क्लोरीन निघतो. देवाचं ताम्हण धुतल्यावर लगेच कोरडं पूस, पांढरे डाग पडणारच नाहीत.

---

प्रेषक: काका, रेडिंग

काकूंनी डाळीचं नेमकं सांगितलं. मी सॉफ्टनरबद्दल लिहितो, कारण त्या विक्रेत्याचं बोलणं वाचून मला राग आला. आजारी लेकराच्या आईला असं सांगू नये.

याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली होती, निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेली ३३६ मुलं होती. निम्म्या घरांत १२ आठवडे सॉफ्टनर बसवला. कुठल्या घरात तो आहे हे ठाऊक नसलेल्या परिचारिकांनी मुलांची त्वचा तपासली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणून एक्झिमासाठी पैसे घालू नकोस. जीपीने (आपल्या फॅमिली डॉक्टरने) दिलेलं मलम नियमित लाव, आंघोळीला साबणाऐवजी इमोलियंट (त्वचा मऊ ठेवणारं मलम) वापर. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो अंगावर राहतो.

बॉयलर आणि शॉवर वाचवायला सॉफ्टनर उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही. पण तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. कडकपणाच्या, म्हणजे विरघळलेल्या चुन्याच्या, दर १०० मिलिग्रॅममागे ४६ मिलिग्रॅम. आपल्याकडे लिटरला ३०० धरले तर १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढलं. रक्तदाबवाल्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि तान्ह्या बाळाचं डब्याचं दूध त्या पाण्यात कालवू नये. बसवलाच तर स्वयंपाकघरातला एक नळ त्यातून वगळायला सांग. तसं जड पाणी पिण्याला अपायकारक नाही.

डिशवॉशरमध्ये पाणी मऊ करायचं मीठ भरतेस ना? ‘ऑल इन वन’ गोळी आहे म्हणून पुष्कळ जण भरत नाहीत. मशीनमध्ये पाण्याच्या कडकपणाचा आकडा निवडायची सोय असते, ती मँचेस्टरच्या हिशेबावर राहिली असेल तर बदल. तुमच्या पोस्टकोडचा आकडा पाणीकंपनीच्या संकेतस्थळावर मिळेल.

---

प्रेषक: नवी सभासद, रेडिंग

काकू, काका, मनापासून आभार. आज निवळलेल्या पाण्यात डाळ लावली. पाच शिट्ट्या झाल्या आणि वरण पळीनेच मोडलं. धाकट्याने दोनदा भात मागून घेतला. मीठ मी खरंच भरत नव्हते, आत्ता भरलं. विक्रेत्याला नको म्हणून कळवलंय, सोमवारी जीपीकडे जातोय.

महाप्रसादाची उसळ यंदा माझ्याकडे आहे. ऐंशी माणसांचे हरभरे भिजवायला एवढं पाणी एका घरी निवळवणं जमणार नाही. आदल्या रात्री कुणी आपल्याकडे एक पातेलं उकळून ठेवेल का? सकाळी आठपर्यंत मी येऊन घेऊन जाईन.