अनुभव धागा: चरणजित सिंगांचे दहा राग तुम्हाला कसे भेटले?

आमच्या पार्ल्याच्या घरी भैरव म्हणजे सकाळची वेळ, रेडिओ आणि दूध तापत ठेवलेलं पातेलं. भाच्याने एकदा मोबाइलवर एक भैरव लावून दिला आणि सुरांखाली धप्-धप् ठेका सुरू झाला, तेव्हा मी आधी आवाज कमी केला. दोन मिनिटांनी मीच तो पुन्हा वाढवला. त्या दिवसापासून हा अल्बम माझ्या मागे लागला आहे.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी एचएमव्हीने १९८२ साली काढली. चरणजित सिंग हे मुंबईतल्या हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ठेक्यासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यांवर भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी वाजवले. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा. तेव्हा रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाच्या छोट्या लेबलने ती पुन्हा काढली आणि जगभर चर्चा सुरू झाली, कारण शिकागोत १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली आणि ज्या आवाजाला अ‍ॅसिड हाउस (क्लबात नाचण्यासाठी यंत्रांवर केलेलं संगीत) म्हणायला लागले, तसाच आवाज पाच वर्षं आधी मुंबईत वाजून गेला होता. उतारवयात चरणजितजींनी युरोपात जाऊन हे राग मंचावर वाजवले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

"आपण आधी केलं" हे पुष्कळांनी लिहून झालंय. मला ते नकोय. तुमच्या कानाला काय झालं ते सांगा. कुठे ऐकलात, कुठला राग पटला, कुठला खटकला? मोकळेपणी लिहा, न आवडलेलंही.

मुलुंडहून

ताई, मी उलट्या बाजूने आलो. मला रागातलं काही कळत नव्हतं, ३०३ मात्र कळत होतं. मूळ यंत्र परवडणं शक्य नव्हतं, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून मी त्याची नक्कल सोल्डर केली. तीन महिने गेले. त्यामुळे हे यंत्र काय करतं ते सांगू शकतो.

गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून रोलँडने ते बनवलं होतं. बेस गिटारसारखं ते वाजलंच नाही, खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. मग जुन्या बाजारात स्वस्त झालं आणि शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. त्यात सूर आधी भरायचे, त्यांचा कालावधी नंतर वेगळा भरायचा. दोन्ही जुळवताना डोकं उठतं. पण प्रत्येक सुराला 'स्लाइड'ची सोय आहे. ती लावली की एक सूर तुटून दुसरा लागत नाही, पहिला सरकत दुसऱ्यात जातो.

मी माझ्या यंत्रात कलावतीचे सूर भरून पाहिले. सा, ग, प, ध, कोमल नी. स्लाइडशिवाय ते एखाद्या खेळण्यासारखं वाजलं. दोन सुरांवर स्लाइड लावली आणि मी जागेवरून उठलो. हा माणूस मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, शोधत होता! दुकानात इतकी यंत्रं असताना त्याने हेच का निवडलं असेल, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. निदान मी तरी तसं मानतो. त्यानंतर मी पेटीच्या क्लासला नाव घातलं. वय एक्केचाळीस.

गिरगावातून

मी पस्तीस वर्षं गाणं शिकवते. एका विद्यार्थिनीने हा अल्बम पाठवला आणि मत विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

तोडी मला ऐकवली नाही. तोडीचा गंधार अतिकोमल. तो पट्टीवरच्या कोमल गंधारापेक्षा खाली असतो आणि त्या बारीक अंतरातच तोडीचं सगळं दुःख असतं. इथे गंधार चढा लागतो आणि लागतो तिथेच खिळून बसतो. भैरवच्या रिषभाचं आंदोलन, म्हणजे सुराचं हळू झुलणं, तेही मला मिळालं नाही. आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून पुढची तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. शिवाय भैरव, ललत झाल्यावर भूपाळी आणि तिच्यामागून पुन्हा सकाळची तोडी, हा क्रम लावताना कुणी घड्याळाकडे पाहिलेलं दिसत नाही.

पण ललत. दोन्ही मध्यम एकापुढे एक, पंचम नाहीच. विद्यार्थ्यांना ही जागा समजावताना माझी वर्षं जातात. यंत्राच्या त्या कोरड्या, स्वच्छ आवाजात दोन्ही मध्यम इतके वेगवेगळे दिसतात की मी तो भाग वर्गात दोनदा लावला. पोरींना पटकन कळलं. याबद्दल मी त्या माणसाची ऋणी आहे. तोडीबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही.

मुलुंडहून, पुन्हा

बाई, नम्रपणे एक सांगतो. ज्युपिटर-८ ला डाव्या हाताशी सूर वाकवायची दांडी असते. तिने गंधार खाली आणता येतो. मधुवंतीत काही सूर वाकल्यासारखे मला ऐकू येतात. तोडी मी कालपासून चार वेळा ऐकली आणि तिथे तुमचं म्हणणं बरोबर वाटतं. आता मलाही तो गंधार टोचायला लागलाय.

अंधेरीहून

मला नाही आवडला. दहाही रागांना एकच ठेका, एकच चाल, तोच "टिव-टिव" बेस. चौथ्या रागानंतर कुठला चालू आहे ते मोबाइलवर पाहावं लागलं. हा अल्बम १९८२ चा नसता आणि आजच्या कुणी केला असता तर आपण इतकं बोललो असतो का? हे मनापासून विचारतेय. कुणाला दुखवायचं नाही.

चेंबूरहून

अंधेरीच्या ताईंचा प्रश्न मलाही पडला होता. मी कथक करते. मला आधी वाटलं, छान, डिस्कोचा ठेका चार-चारचा आहे, तीनतालाच्या सोळा मात्रा त्यात अलगद बसतील. भूपाळी लावून तत्कार, म्हणजे पायांचे बोल, सुरू केला. बसतात हो, पण पायाला काही कळत नाही. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, तबल्याचा बायां गप्प होतो आणि त्या गप्प होण्यामुळे सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, जवळ येते आहे हे पायाला समजतं. या यंत्राला खाली नाही. त्याच्यासाठी प्रत्येक चौथा ठोका म्हणजे पुन्हा सुरुवात. पहिल्या दिवशी मी तीनदा समेवरून घसरले.

मग गुरुजींनी सुचवलं की ठेक्याकडे लक्षच देऊ नकोस, वरच्या सुरांकडे दे, ते कुठे येऊन टेकतात ते बघ. तिथे मला आवर्तन, म्हणजे तालाची पूर्ण फेरी, सापडलं. ठेका यंत्राचा, पण सुरांचे श्वास माणसाचे आहेत. ओळ कधी लांबते, कधी आधीच मिटते. ताई, तुमच्या "सगळं सारखं"चं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: खालचं सारखं आहे म्हणून वरचं हलताना दिसतं. तानपुराही सारखाच असतो ना. आता रोज सकाळी वीस मिनिटं यावरच रियाज करते आणि तालमालेवर (तबल्याचा ठेका देणाऱ्या यंत्रावर) परत गेले की सम आपसूक सापडते.

दादरहून

वय ७६. फिल्म रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवायचो, मागच्या रांगेत. चरणजित सिंगांशी माझी ओळख नव्हती. बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे म्हणून नाव मात्र सगळ्या स्टुडिओंत माहीत.

मला हा अल्बम ऐकायचाच नव्हता. का ते सांगतो. आमच्या वेळी रिहर्सल झाली की टेक. चाळीस-पन्नास जण एका हॉलमध्ये, एकाचा गज चुकला की सगळ्यांचा टेक वाया. भीती असायची, पण त्या भीतीतूनच सूर एक व्हायचे. मग सिंथेसायझर आले. आधी आमच्या जोडीला आले, नंतर आमच्या जागी आले. महिन्याला वीस शिफ्ट असायच्या त्या सहावर आल्या, मग दोनवर. मी शिकवण्या धरल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्याने व्हायोलिन विकलं. तेव्हा ही यंत्रं या शब्दानेच माझं तोंड कडू व्हायचं.

नातीने हेडफोन कानाला लावले आणि यमन सुरू केला. तीव्र मध्यमावर येईपर्यंत मी रागातच होतो. मग लक्षात आलं, हा तर सेशनवाला माणूस वाजवतोय. जागा कशी घ्यायची, किती घ्यायची, कुठे सोडायची, सगळी आमच्याच शाळेतली शिस्त. पाच मिनिटांत राग उभा करायचा आणि बाजूला व्हायचं, हे जन्मभर तीन मिनिटांच्या गाण्यात वाजवणाऱ्यालाच जमतं. मैफलीतल्या कलाकाराला इतक्या वेळात आलापसुद्धा आवरता येणार नाही. गिरगावच्या बाई म्हणतात ते खरं आहे, श्रुती, म्हणजे सुरांमधली ती बारीक अंतरं, हरवतात. पण हा राग मैफलीतला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यात वाजवणाऱ्या एका वादकाने स्वतःच्या नावावर केलेलं हे काम आहे. आमच्यातल्या किती जणांना ते करता आलं?

माझं नुकसान यंत्रांनी केलं, हे मी आजही म्हणतो. या रेकॉर्डवरचा राग मात्र मी सोडला आहे.

धागाकर्ती

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्या हॉलबद्दल आणखी लिहाल का? वेगळा धागा काढते.

माहीमहून

छोटासा अनुभव. मी रेकॉर्ड जमवतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका दुकानात या एलपीचं मूळ कव्हर दिसलं आणि हातपाय गार पडले. दुकानदाराने सांगितलेले पैसे घासाघीस न करता दिले. घरी येऊन उघडलं तर आत कुठल्याशा भजनांची रेकॉर्ड. परत गेलो तर माल जसा आहे तसा घ्यायचा, असं उत्तर मिळालं. शेवटी २०१० नंतरच्या आवृत्तीची एक प्रत मित्राने परदेशातून आणली. सुई ठेवली तेव्हा मेघमल्हार वाजत होता आणि बाहेर जूनचा पहिला पाऊस, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मार्च होता. प्रचंड उकडत होतं. तरी खिडकीपाशी गेलो.

परळहून

तुम्ही सगळे १९८२ म्हणताय आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच १९८२ येतंय. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात माझे वडील. साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे होते. मी तेव्हा नऊ वर्षांची. घरात रेकॉर्ड प्लेअर कुठला, आईने भांडी विकली होती. याच शहरात त्याच वर्षी कुणीतरी स्टुडिओत बसून असं काही वाजवत होतं, हे कळल्यावर आधी राग आला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो मुलाबरोबर, लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या क्लबात. त्याचा मित्र संगीत लावत होता आणि त्याने मालकंस लावला. माझे डोळे जमिनीवर होते. फरशी बदलली आहे, पण वरचे लोखंडी खांब तेच आहेत.

घरी येऊन वडिलांना ऐकवला. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान केव्हाच गेलेत, म्हणून स्पीकर अगदी जवळ धरला आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "साच्यापेक्षा हळू आहे."

लालबागहून

मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. आमच्यासाठी हे ८०८ वगैरे काही अनोळखी नाही. त्याची ती टाळी आणि ती टण्-टण् घंटी आमच्या पॅडवर आहेच, नाव माहीत नव्हतं इतकंच. वीस वर्षं वाजवतोय तो आवाज कुठून आला, ते हा धागा वाचून कळलं.

अल्बम आमच्या कीबोर्डवाल्याला ऐकवला. तो म्हणाला, "हे तर आपलंच आहे, फक्त ताशा नाही." मग सरावाला कलावती घेतला. बेंजोवर ती सूरपट्टी फार गोड बसते, पाचच सूर, बोटं धावतात. खाली मी ८०८ चा ठेका धरला. दहा मिनिटांनी ताशावाल्याला राहवेना, तो मध्ये घुसला आणि चेंबूरच्या ताई म्हणतात ती खाली त्याने आणली. स्वतः एक आवर्तन गप्प राहिला आणि मग सगळ्यांना घेऊन समेवर आला. चाळीतली पोरं जिन्यात येऊन उभी राहिली.

विसर्जनाच्या दोन सुपाऱ्या घेतल्यात. मिरवणुकीत लोक फर्माईश करतात ती गाणी वाजवावीच लागतात, त्याला इलाज नाही. पण पहाटे चौपाटीच्या अलीकडे गर्दी थकते, मोठी गाणी कुणी मागत नाही, तेव्हाची ती वीस मिनिटं आमची असतात. तिथे शेवटचा बैरागी वाजवायचा ठरलंय. गिरगावच्या बाई, ती वेळ तरी त्याचीच आहे ना? कोमल रिषभ कीबोर्डवर कसा वाकवायचा ते शिकायला आम्ही रविवारी तुमच्याकडे आलो तर चालेल का?

गिरगावातून

या. चार वाजता या. ताशा बाहेर ठेवावा लागेल, खाली आजारी माणूस आहे. बेंजो घेऊन या.