मदत हवी आहे: दुसऱ्या पेट-सीटीत नवे नोड चमकलेत, गोळी बदलण्याआधी बायोप्सी मागावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे. थोरल्या काकांना (वय ६४, आयुष्यभर द्राक्षबाग, विडी-तंबाखू कधीच नाही) फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) आहे, चौथी स्टेज. गाठीत ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन हा जनुकातला बदल निघाला म्हणून त्यावरची गोळी ऑसिमर्टिनिब ८० मिग्रॅ चालू आहे. गोळीचा गुण आला. खोकला गेला, वजन वाढलं, यंदा खरड छाटणीला स्वतः बागेत उभे होते.

आता दुसरा पेट-सीटी (शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन) झाला. मूळ गाठ ४.१ सेंमीची २.२ वर आली, तिचा एसयूव्ही (स्कॅनमधली चमक मोजणारा आकडा) ११.८ वरून ३.१. हाडातला डागही विझला. पण दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी आणि श्वासनलिकेखाली नवे लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) चमकतायत, एसयूव्ही ६.७. रिपोर्टात शेवटी 'आजार वाढला' असं लिहिलंय. त्यावरून गोळी बंद करून केमो धरायचं बोलणं सुरू झालंय.

माझं मन इथेच अडतंय. बाकी सगळं विझत असताना तेवढंच पेटावं, तेही दोन्ही बाजूंना सारखं? काकांना तरुणपणी टीबी झाला होता. रिपोर्टात त्याचा उल्लेखच नाही, फॉर्म भरताना कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय पहिला स्कॅन पुण्यात, इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी, शुगर १०४. दुसरा वेगळ्या सेंटरला, वेगळ्या मशीनवर, ९५ मिनिटांनी, शुगर १८६. या आकड्यांची तुलना होते का?

नोड तपासल्याशिवाय लागू पडलेलं औषध सोडायचं नाही, असा आग्रह डॉक्टरांकडे धरावा का? आणि ईबस (श्वासनलिकेतून दुर्बीण घालून नोडचा नमुना घेणं) सांगली-मिरजेत होतं, की पुणं गाठावं लागेल? काकूंना अजून काही बोललेलो नाही. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आग्रह जरूर धरा.

पेट-सीटीआधी टोचतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. कॅन्सरची पेशी ती ओढते, तशीच टीबीच्या गाठीतली दाहाची पेशीही ओढते. नुसत्या एसयूव्हीवरून दोघांत फरक करता येत नाही. इंजेक्शननंतर उशीर झाला की कॅन्सरच्या गाठीचा आकडा सहसा चढतो, रक्तातली साखर जास्त असली की उतरतो. त्यामुळे तुमचे दोन स्कॅन काटेकोर तुलनेचे नाहीत. पण गाठीचा आकारही निम्म्यावर आलाय, म्हणजे तिथे गोळी काम करतेय.

तरी नोडमध्ये कॅन्सर नसेलच असं धरू नका. ऑसिमर्टिनिबला रेझिस्टन्स येतो (कॅन्सर गोळीला दाद देईनासा होतो) आणि तो आधी एखाद्याच जागी दिसू शकतो. म्हणून तर तपासायचं. ईबस करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकू नका, थोडा सलाइनमध्ये ठेवा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या नमुन्याचं टीबी कल्चर होत नाही. जीनएक्स्पर्ट (टीबीची झटपट चाचणी) हीसुद्धा त्याच सलाइनमधल्या भागावर करून घ्या. कॅन्सर निघाला तर एनजीएस (जनुकांची सविस्तर तपासणी) करा. मेट अ‍ॅम्प्लिफिकेशन आहे, सी७९७एस आहे (दोन्ही गोळीला निष्प्रभ करणारे जनुकीय बदल) की स्मॉल सेलमध्ये (वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये) रूपांतर झालंय, यावर पुढचा उपचार बदलतो.

टीबी निघाला तर एक गोष्ट विसरू नका. टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे ऑसिमर्टिनिबची रक्तातली पातळी बरीच खाली जाते. छातीचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका.

मेंदूचा एमआरआय झालाय का? मेंदू मुळातच साखर भरपूर खातो, त्यामुळे तिथले छोटे डाग पेटमध्ये लपतात.

धागाकर्ता

खूप आभार. एमआरआय पहिल्या वेळेनंतर झालेला नाही, तोही विचारतो. सोमवारी ओपीडी आहे. दोन्ही सीडी एकाच रेडिऑलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेतो, टीबीचे जुने कागद माळ्यावर शोधतोय. मिरजेतल्या ईबसबद्दल कुणाला खात्रीची माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.